गावच्या बंद पडलेल्या हॉल्टचा इतिहास कसा शोधायचा

माझ्या मामाच्या गावाला एकेकाळी हॉल्ट होता. स्टेशन नव्हे बरं का, स्टेशन म्हटलं की मास्तर आला, सिग्नल आला, लूप लाईन आली, तसलं तिथं काहीच नव्हतं, रुळाच्या कडेला मुरूम टाकून केलेला बुटका फलाट, चार पत्र्यांची शेड, पिवळी पाटी आणि एक लिंबाचं झाड एवढंच. सकाळी सोलापूरला जाणारी पॅसेंजर थांबायची आणि संध्याकाळी परत येणारी. दहा-बारा वर्षं चाललं आणि बंद पडलं, आता गावातल्या पंचविशीतल्या पोरांना सांगितलं की इथं गाडी थांबायची तर ती नुसती तोंडाकडं बघत राहतात. गेली चार वर्षं मी त्या हॉल्टचा इतिहास गोळा करतोय. गावाचं नाव इथं लिहीत नाही, कारण हॉल्टच्या रस्त्याच्या जमिनीवरून दोन घरांत अजून वाद चालू आहे आणि ज्यांनी मला घरात बसवून, चहा पाजून सगळं सांगितलं त्यांना त्रास नको. पण शोधायचं कसं ते सगळं सांगतो, कारण माढा, मोहोळ, करमाळा, बार्शी, सांगोला, कुठल्याही बाजूला रुळाकडेनं फिरलात की "आमच्याकडं पण थांबायची ओ गाडी" असं म्हणणारं कुणीतरी भेटतं आणि त्याबद्दल एक ओळसुद्धा कुणी लिहून ठेवलेली नसते.

का लिहिलेली नसते हे आधी समजून घ्या, पुढची सगळी पद्धत त्यावरच आहे. रेल्वेच्या हिशोबात ब्लॉक स्टेशन आणि नॉन-ब्लॉक स्टेशन असे दोन प्रकार. पुढच्या टप्प्यात गाडी सोडायची का नाही हे ब्लॉक स्टेशनवर ठरतं, म्हणून तिथं मास्तर, रजिस्टर, सगळा दप्तरी कारभार. हॉल्ट म्हणजे नॉन-ब्लॉक, डी क्लास. गाडी सोडण्याच्या कामाशी त्याचा संबंधच नाही, ड्रायव्हरनं थांबवायची, माणसं चढली-उतरली की गार्डनं झेंडी दाखवायची, गेली गाडी. बऱ्याच हॉल्टवर तर रेल्वेचा माणूसच नसतो, गावातलाच एखादा हॉल्ट एजंट ठेक्यावर असतो, तो शेजारच्या मोठ्या स्टेशनातनं तिकिटं आणतो आणि कमिशनवर विकतो. हॉल्ट बंद झाला की उरलेली तिकिटं आणि हिशोब त्या शेजारच्या स्टेशनात जमा होतो आणि तिथली जुनी रजिस्टरं मुदत संपली की नष्ट करतात. त्यामुळं हॉल्टची म्हणून एक जाडजूड फाईल कुठल्यातरी कपाटात असेल, ती सापडली की काम झालं, या आशेवर राहू नका. मी पहिलं वर्ष त्यातच घालवलं. त्याच वर्षी पावसाळ्यात आमच्या हॉल्टचा एजंट वारला. त्याच्या घरी मी एकदाही जाऊन बसलो नव्हतो, आणि ते मला अजून लागून राहिलंय.

म्हणून पहिलं काम माणसांचं. कागद नंतर.

माणसांकडं जाताना साल विचारू नका, साल कुणालाच सांगता येत नाही आणि विचारलं की माणूस अवघडतो, मग काहीतरी अंदाजे सांगून मोकळा होतो आणि तो अंदाज तुमच्या वहीत पक्का होऊन बसतो. त्याऐवजी आपल्याकडच्या मोठ्या घटना धरा. बाहत्तरच्या दुष्काळात सुकडीवर (म्हणजे दुष्काळी कामावर) होता तेव्हा गाडी थांबत होती का? चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला तेव्हा? इंदिरा गांधी गेल्या त्या दिवशी गाडी आली होती का? किल्लारीचा भूकंप झाला (३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, हे आपल्याकडं सगळ्यांना आठवतं) तेव्हा हॉल्ट चालू होता का बंद? अशा चार-पाच खुंट्या ठोकल्या की सुरू कधी झाला आणि बंद कधी झाला याचा पट्टा बऱ्यापैकी अरुंद होतो.

आणि बायकांना विचारा, हे मी मुद्दाम सांगतोय, कारण मी पहिले सहा महिने फक्त पारावरच्या म्हाताऱ्यांनाच विचारत होतो. बायकांना लग्नाची आणि बाळंतपणाची सालं चोख आठवतात. "आजी, तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा गाडीनं आलात का यष्टीनं?" या एका प्रश्नानं मला जेवढं मिळालं तेवढं कुठल्या ऑफिसातनं मिळालं नाही. एका आजींनी सांगितलं की वरात गाडीनंच आली पण हॉल्टवर नाही, अलीकडच्या स्टेशनवर उतरून बैलगाडीनं आली, आणि धाकट्या जावेच्या लग्नात मात्र गाडी इथंच थांबली. दोन्ही लग्नपत्रिका घरात होत्या. दोन लग्नांत तीन वर्षांचं अंतर, म्हणजे हॉल्ट त्या तीन वर्षांत सुरू झाला. एवढी नेमकी तारीख मला पुढं वर्षभर दुसऱ्या कुठल्याच कागदात मिळाली नाही.

कुणाकुणाला गाठायचं? एजंट किंवा त्याच्या घरचे तर आलेच. रुळाची देखभाल करणाऱ्या गँगमध्ये काम केलेले लोक, मुकादम, रुळाच्या चाव्या तपासणारा कीमन, फाटकावरचा गेटमन, हे लोक हॉल्टच्या आजूबाजूचा एक-एक पूल नंबरानिशी सांगतात. सोलापूरच्या गिरण्यांत पाळीला जाणारे. दूध घालायला जाणारे, किटल्या कुठल्या डब्यात टांगायच्या हे त्यांना माहीत असतं. बोरं, सीताफळं, भाजी घेऊन जाणाऱ्या बायका. आणि कॉलेजला पास काढून जाणारी त्या वेळची पोरं, जी आता रिटायर होऊन पुण्यात असतात आणि फोनवर तासभर बोलतात. कुर्डुवाडीत आणि सोलापुरात रेल्वे लाईन्स, मोदी या भागात रेल्वेतनं रिटायर झालेल्या लोकांची घरं भरपूर आहेत, तिथं एकाकडं गेलात की तो तिघांची नावं सांगतो. प्रत्येकाचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण आधी विचारून, आणि घरी आल्यावर त्याच रात्री दोन ठिकाणी कॉपी करा. गटानं बसवून विचारू नका, एकजण मोठ्यानं बोलतो आणि बाकीचे त्याला मान डोलावतात. एकेकट्याला भेटा, मग दोघांचं जुळत नसेल तर तेही लिहून ठेवा.

बोलणं संपलं की एकच विचारा, ट्रंकेत काही आहे का बघता का. जुना पास, कार्ड तिकीट, फोटो. या तिकिटांबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण मला स्वतःला हे सगळ्यात जास्त आवडतं.

ते जाड पुठ्ठ्याचं छोटं तिकीट असायचं ना, त्याला एडमंडसन तिकीट म्हणतात. त्यावर कुठून कुठं, किती किलोमीटर, भाडं आणि एक अनुक्रमांक छापलेला असतो आणि तारीख मशीनमध्ये दाबून उमटवलेली असते. नवशिके तारीख बघून तिकीट बाजूला ठेवतात पण खरी गंमत अनुक्रमांकात आहे. प्रत्येक ठिकाणासाठी तिकिटांची वेगळी मालिका असायची, नंबर ओळीनं चढत जायचे. म्हणजे समजा एकाच मालिकेतली दोन तिकिटं तुम्हाला दोन घरांत मिळाली, जूनमधलं ०४१२ आणि ऑगस्टमधलं ०६८९, तर मधल्या काळात त्या ठिकाणची २७७ तिकिटं खपली असं सरळ वजाबाकीनं कळतं. रजिस्टर नष्ट झालं तरी! फक्त दोन गोष्टी सांभाळा, मालिकेचे नंबर संपले की ती परत पहिल्यापासून सुरू होते, आणि पूर्ण तिकीट-अर्धं तिकीट, वेगळा वर्ग, यांची मालिका वेगळी असते, त्यांची भेळ करू नका.

आणखी एक. हॉल्टवरून सोलापूरला गेलेलं तिकीट सोलापूरच्या गेटवर काढून घ्यायचे, त्यामुळं तुम्हाला घरात सापडतील ती बहुतेक सोलापूरहून हॉल्टपर्यंतची परतीची तिकिटं, कारण हॉल्टवर ती मागायला कुणी नव्हतं, लोक ती खिशात घालून तशीच घरी न्यायचे. माझ्याकडं नऊ तिकिटं जमली त्यातली आठ परतीची आहेत. म्हणून तिकिटावरून हॉल्टचा धंदा मोजताना ही वजाबाकी हॉल्टच्या विक्रीची नसून सोलापूरच्या खिडकीची आहे हे लक्षात ठेवा. याचा पुढं हॉल्ट बंद का पडला त्याच्याशी फार मोठा संबंध आहे, तो सांगतोच.

आता टाईमटेबल

कागदांत सगळ्यात भरवशाचा कागद हाच. दोन प्रकारचं असतं, एक लोकांसाठी विकतं ते आणि दुसरं वर्किंग टाईमटेबल, म्हणजे ड्रायव्हर, गार्ड, मास्तर यांच्यासाठीचं. वर्किंगमध्ये बारकातला बारका हॉल्ट किलोमीटरसकट येतो, म्हणून ते मिळालं तर सोनं. पद्धत सोपी आहे: ज्या वर्षीच्या पुस्तकात हॉल्टचं नाव नाही ते आणि ज्यात पहिल्यांदा आहे ते, अशी दोन पुस्तकं गाठायची, की सुरू झाल्याचा काळ दोन्हींच्या मध्ये अडकला. तसंच शेवटाला. मधली सगळी वर्षं मिळालीच पाहिजेत असं नाही, दोन टोकं महत्त्वाची. पण मधलं एखादं मिळालं तर गाडीची वेळ लिहून घ्या, नुसतं नाव बघून पान उलटू नका.

इथं आपल्याकडचे लोक हमखास चुकतात ती गोष्ट सांगतो. सोलापूर डिव्हिजन म्हटलं की आपण मध्य रेल्वेचं टाईमटेबल शोधायला लागतो. पण मध्य रेल्वे झाली ५ नोव्हेंबर १९५१ ला, त्याआधी मेन लाईन जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची. मग २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे निघाली तेव्हा सोलापूर डिव्हिजन तिकडं गेलं, आणि परत मध्य रेल्वेत आलं ते २ ऑक्टोबर १९७७ ला. म्हणजे मधली ११ वर्षं आपलं मुख्यालय सिकंदराबाद होतं! या काळातला हॉल्ट असेल तर मुंबईच्या पुस्तकात तो दिसणारच नाही आणि तुम्ही "त्या साली हॉल्ट नव्हता" असं चुकीचं लिहून बसाल. मी बसलो होतो.

होटगीहून विजापूरकडं जाणारी लाईन तर अजून जास्त हातांतनं गेली. सदर्न मराठा रेल्वेनं १८८४ ला मीटर गेज टाकली, पुढं मद्रास अँड सदर्न मराठा, १९५१ ला दक्षिण रेल्वे, १९६६ ला दक्षिण मध्य, २००३ पासून हुबळीची दक्षिण पश्चिम रेल्वे. त्या बाजूचा हॉल्ट शोधणाऱ्यांनी ही साखळी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

आणि बार्शी लाईट रेल्वे. लंडनमध्ये १८९५ ला नोंदवलेली खाजगी कंपनी, एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं उभी केलेली, अडीच फुटी रूळ, १८९७ ला बार्शी रोड (म्हणजे आताचं कुर्डुवाडी) ते बार्शी टाऊन सुरू झाली, १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. १ जानेवारी १९५४ ला सरकारनं घेतली. त्यामुळं १९५४ च्या आधीचा हॉल्ट कंपनीच्या कागदात, नंतरचा रेल्वेच्या कागदात. २००० नंतर टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झालं, कुर्डुवाडी-लातूर २००८ पर्यंत, पंढरपूर-मिरज त्यानंतर दोन-तीन वर्षांत, आणि लातूरकडं तर मार्ग बदलून लाईन उस्मानाबादवरून, म्हणजे आताच्या धाराशिववरून नेली. त्या बाजूला काही ठिकाणी रूळच उरला नाही, नुसता भराव उरला, त्यावर आता बाभळी आहेत किंवा शेतात जायची वाट. छोट्या गाडीची आठवण असलेली माणसं अजून साठी-सत्तरीत आहेत, त्या पट्ट्यातल्या कुणी हे काम हातात घेतलं तर मला फार बरं वाटेल.

जुनी टाईमटेबलं मिळतात कुठं? रिटायर गार्डांच्या ट्रंकेत, रद्दीवाल्याकडं, जुन्या वाचनालयात. सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन जुन्या वर्तमानपत्रांबद्दल विचारा, नवीन टाईमटेबल लागू होताना बदलांची बातमी स्थानिक पेपरात यायची, आणि हॉल्ट सुरू झाला तर आमदार-खासदारांनी नारळ फोडल्याचा फोटोही. इंग्रजांच्या काळासाठी कलकत्त्याहून निघणारं न्यूमनचं इंडियन ब्रॅडशॉ नावाचं टाईमटेबलाचं पुस्तक होतं, त्याची काही वर्षं स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट आहेत. लोकसभेतले जुने प्रश्नोत्तरं पण संसदेच्या डिजिटल लायब्ररीत शोधता येतात, "अमुक गावाला हॉल्ट देणार का" असले प्रश्न खासदार विचारायचे आणि मंत्री चार ओळींत उत्तर द्यायचे, त्या चार ओळींत कधीकधी नकाराचं कारण असतं.

नाव नीट शोधा

गावाचं नाव आणि हॉल्टचं नाव एकच असेल असं धरून चालू नका. सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या दारातच आहे, कुर्डुवाडी जंक्शनचं नाव कित्येक वर्षं बार्शी रोड होतं, आणि बार्शी तिथनं २१ मैलांवर. जिंती रोड, जत रोड, औसा रोड, हे सगळे "रोड" असेच, गाव एकीकडं आणि स्टेशन दुसऱ्याच्या शिवारात. तुमच्या हॉल्टला शेजारच्या मोठ्या गावाचं नाव दिलेलं असू शकतं आणि त्यावरून त्या काळी भांडणही झालेलं असू शकतं, तेही विचारा. इंग्रजी स्पेलिंगचा घोळ वेगळाच, सोलापूर हे जुन्या कागदात शोलापूर म्हणून आहे, दौंड हे धोंड म्हणून. वाडीच्या जागी वडी, शेवटचा कानाच गायब, असं चार-पाच तऱ्हेनं लिहून शोधावं लागतं.

मूळ लाईनचा पाया कळायला १८८४ चं सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटिअर वाचा, सरकारनं ऑनलाईन ठेवलंय. मुंबई-ठाणे १८५३ ला झाल्यावर सातच वर्षांत, १८६० ला, गाडी सोलापुरात पोचली. १८५८ ला डिकसळपर्यंत, १८५९ ला बार्शी रोड, मग मोहोळ, मग सोलापूर. त्यातलं डिकसळ आणि पोमलवाडी ही ठिकाणं आज नकाशावर शोधायला गेलात तर लाईनवर नाहीत, कारण उजनीचं पाणी वाढणार म्हणून भिगवणच्या बाजूची जुनी लाईनच हलवली. डिकसळचा जुना रेल्वेचा पूल पुढं कित्येक वर्षं इंदापूर आणि करमाळ्याच्या लोकांनी रस्ता म्हणून वापरला. म्हणजे हॉल्ट बंद पडला याचा अर्थ दर वेळी माणसं कमी पडली असा नसतो, कधीकधी धरण येतं.

नकाशे आणि सातबारा

सर्व्हे ऑफ इंडियाचे टोपोशीट, म्हणजे भूभागाचे सविस्तर नकाशे, आता त्यांच्या पोर्टलवर डाऊनलोड होतात. आपला भाग ४७ नंबरच्या शीटमध्ये येतो, कुर्डुवाडी, बार्शी, करमाळा ४७ एन मध्ये आणि सोलापूर, पंढरपूर ४७ ओ मध्ये. जुन्या आवृत्त्या आणि नव्या शेजारी ठेवून बघा. अमेरिकन लष्करानं १९५० च्या दशकात छापलेले भारताचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीनं फुकट ठेवलेत, त्यात आपल्याकडची स्टेशनं आहेत. आणि १९६० ते १९७२ मधले कोरोना नावाच्या हेरगिरी उपग्रहाचे फोटो अमेरिकेच्या भूगर्भ खात्याच्या साईटवर आहेत, त्यात फलाट दिसणार नाही पण गावातनं रुळाकडं गेलेली पांढरी पायवाट दिसू शकते. पायवाट रुळाला जिथं भिडते तिथं शोधायला लागा.

मग तलाठी ऑफिस. गावनकाशात रेल्वेची पट्टी सारख्या रुंदीची जाते, जिथं हॉल्टसाठी जास्तीची जमीन घेतली असेल तिथं ती पट्टी पोट आल्यासारखी फुगते. त्या गटाचा सातबारा आणि जुने फेरफार काढा, संपादनाची नोंद तारखेसकट मिळते. अडचण एकच, आपल्याकडं जमिनींचं एकत्रीकरण झाल्यावर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळं जुना कागद जुन्या नंबरावर आणि नवा नव्यावर. भूमी अभिलेखमध्ये एकत्रीकरणाचा उतारा मागितला की कुठला सर्व्हे नंबर कुठल्या गटात गेला ते कळतं. बऱ्याच हॉल्टना मात्र वेगळी जमीन घेतलेलीच नसते, रेल्वेच्या असलेल्या पट्टीतच मुरूम टाकलेला असतो, मग इथं काही निघणार नाही, आठवडा घालवून सोडून द्या.

माहिती अधिकार

१० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, रेल्वेसाठी ऑनलाईन अर्ज करता येतो. पण "अमुक हॉल्टचा इतिहास द्यावा" असं लिहिलंत तर एका ओळीत "अभिलेख उपलब्ध नाही" येणार, मला तसंच आलं होतं. कागदाचं नाव घेऊन मागा. कमर्शियल विभागाकडं: हॉल्ट उघडल्याचं आणि बंद केल्याचं नोटिफिकेशन, एजंटच्या नेमणुकीचं पत्र, शेवटच्या वर्षांचं उत्पन्न. इंजिनिअरिंगकडं: त्या किलोमीटरचा लँड प्लॅन आणि इंडेक्स प्लॅन अँड सेक्शन. दोन वेगळे अर्ज करा, एकात सगळं कोंबलं की अर्ज टेबलांमध्ये फिरत राहतो. आणि प्रत मागण्याऐवजी अभिलेखांची पाहणी मागितली तर जास्त फायदा होतो, पहिला तास फुकट असतो, पुढं तासाला ५ रुपये, समोर बसून बंडल उलटता येतं. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील. अपिलात रागावून लिहू नका, कुठला कागद, कुठला काळ, एवढंच परत स्पष्ट लिहा.

इंडेक्स सेक्शन मिळाला तर चढ बघा. तो लाईनचा उभा छेद असतो, कुठं किती चढ आहे ते दाखवतो. कोळशाच्या इंजिनाला चढावर थांबवलेली गाडी परत उचलायला जड जायचं, म्हणून गावाला सोयीची जागा एक आणि हॉल्ट झाला तिथनं अर्धा मैल पुढं, असं का झालं याचं उत्तर पुष्कळदा त्या एका रेषेत असतं. आमच्या गावात लोक चाळीस वर्षं म्हणत होते की पाटलानं स्वतःच्या शेताजवळ हॉल्ट ओढला. सेक्शन बघितला तर गावाजवळ चढ होता आणि पाटलाच्या शेताजवळ सपाट.

जागेवर जाताना

चालू लाईन असेल तर रुळावर किंवा रुळाच्या कडेनं चालत जायचं नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ मध्ये विनापरवाना शिरल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी आता विजेवरच्या गाड्या आवाज न करता येतात, जीव जाईल. शेताच्या बाजूनं, मालकाला विचारून, हद्दीच्या बाहेर उभं राहून बघा. विजेच्या खांबावर किलोमीटर लिहिलेला असतो, ४३०/१२ म्हणजे मुंबईपासून ४३० किलोमीटरच्या पुढचा १२ नंबरचा खांब, तो फाटकावरून वाचता येतो आणि जुन्या टाईमटेबलातल्या किलोमीटरशी जुळवता येतो. (फार जुन्या कागदात मैल असतात, १.६ नं गुणा.)

काय बघायचं: एका रेषेत लावलेले दगड, जुन्या रुळाचे उभे तुकडे, पाटीच्या दोन खांबांचे खड्डे, हापसा किंवा आड, आणि झाडं. माळावर एकाच वयाची दोन-तीन लिंबाची नाहीतर चिंचेची झाडं ओळीनं उभी असली तर ती कुणीतरी लावलेली आहेत. फोटो काढताना शेजारी एक मीटरची काठी ठेवा आणि मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा.

बंद का पडला

याची दोन उत्तरं मिळतील आणि दोन्ही लिहायची. रेल्वेचं उत्तर एका शब्दात, उत्पन्न नाही. गावाचं उत्तर, रेल्वेनं मुद्दाम केलं. मी चार वर्षं बघून सांगतो की या दोन्हींच्या मध्ये गाडीची वेळ असते. आमच्या हॉल्टला सकाळची पॅसेंजर पाऊणेआठला होती तोवर गिरणीवाले, शाळा-कॉलेजवाले, दूधवाले सगळे जायचे. एका टाईमटेबलात ती दहाला गेली. दहाला कोण जाणार? सहा महिन्यांत वडापच्या जीपा सुरू झाल्या, एसटीची फेरी वाढली, तिकीट खपायचं थांबलं आणि मग कागदावर आलं, उत्पन्न नाही. म्हणून मधल्या टाईमटेबलातली वेळ लिहून घ्या म्हटलं होतं.

दुसरं, तिकिटांचं. हॉल्टचं उत्पन्न म्हणजे हॉल्टवर विकलेली तिकिटं. संध्याकाळी सोलापूरहून परत येणाऱ्याचं तिकीट सोलापूरच्या खात्यात. पास काढणाऱ्याचा पास मोठ्या स्टेशनवरचा. म्हणजे सकाळी पन्नास आणि संध्याकाळी पन्नास माणसं हॉल्ट वापरत असतील तरी हॉल्टच्या नावावर पन्नासाच्याही आतच तिकिटं दिसणार. हे त्या वेळी गावानं कागदावर मांडलं असतं तर काय झालं असतं मला माहीत नाही, पण इतिहास लिहिताना तरी हा हिशोब मांडायलाच पाहिजे असं मला वाटतं.

मार्च २०२० मध्ये पॅसेंजर गाड्या बंद झाल्या आणि परत सुरू होताना कित्येक गाड्या एक्सप्रेस म्हणून आल्या, बारके थांबे गळले. तुमच्या गावचा थांबा तसा गेला असेल किंवा अजून कसाबसा चालू असेल तर आजच जाऊन पाटीचे, शेडचे, तिकीट खिडकीचे, वेळापत्रकाच्या फळ्याचे फोटो काढा. मोबाईलवर आलेली तिकिटं पुसू नका.

शेवटी लिहिताना

फार लांबवू नका, वीस-पंचवीस पानं पुष्कळ झाली. प्रत्येक वाक्याला ते कुठून कळलं हे शेजारी लिहा, कुणाच्या तोंडून, कुठल्या टाईमटेबलात, कुठल्या फेरफारात. ज्यांनी सांगितलं त्यांचं नाव छापायचं का हे त्यांना विचारा. एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक तालुक्याच्या वाचनालयात. आणि मागं आठ-दहा कोरी पानं बांधून घ्या, पेन दोरीनं अडकवून ठेवा.

आमच्या प्रतीवर पहिल्या महिन्यात सात नोंदी आल्या. पहिली शेडबद्दल होती, ती आधी पत्र्याची नव्हती, पाचटानं शाकारलेली होती, एका वादळात उडाली मग पत्रे आले, आणि पत्रे कुणाच्या बैलगाडीतनं आणले त्याचंही नाव खाली लिहिलं होतं. मी त्या घरी जाऊन आलो. बैलगाडीची जू अजून भिंतीला टांगलेली आहे, त्याचा फोटो दुसऱ्या आवृत्तीत घालतोय.